निजाम गेला, पण पाच दिवसांत नाही!

१५ ऑगस्ट १९४७. पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान मिळाला सेनापती बापटांना. हो, तेच सेनापती बापट, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण आज सिग्नलला ताटकळत उभे असतो. मुळशीकरांची त्यांच्याशी ओळख मात्र त्या रस्त्याहून खूप जुनी. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाखाली गावं आणि शेतं जाऊ नयेत म्हणून इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि 'सेनापती' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आता त्याच दिवशीचं दुसरं दृश्य. हैदराबादमध्ये स्वामी रामानंद तीर्थ नावाच्या भगव्या कपड्यातल्या माणसाने तोच तिरंगा फडकवला. त्याला मान मिळाला नाही, अटक झाली.

एकच तारीख, एकच झेंडा. पुण्यात सत्कार, हैदराबादेत तुरुंग. कारण पुण्याहून सोलापूर गाठलं आणि तिथून नळदुर्गाकडे थोडं पुढे सरकलं, की राज्यच बदलायचं. तिथून पुढे निजामाचा अंमल. लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, जालना हे सगळं त्या राज्यात. म्हणजे हिंजवडी, पिरंगुट, लवळे, भूगाव या पट्ट्यात तुमच्यासोबत रूम शेअर करणारे जे मराठवाड्याचे दोस्त आहेत, त्यांच्या आजी-आजोबांच्या, पणजोबांच्या घरी स्वातंत्र्य १३ महिने उशिरा पोचलं. १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणूनच त्यांच्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन असतं.

त्या दिवसाबद्दल इतरांना विचारलं तर साधारण एकच उत्तर येतं: 'सरदार पटेलांनी फौज पाठवली, पाच दिवसांत निजाम शरण आला.' हे खरंच आहे. पण ही गोष्टीची शेवटची पाच पानं झाली. आधीची दहा वर्षं वाचलीच नाहीत, तर एक राजेशाही जाऊन तिथे प्रजासत्ताक कसं आलं, हे कळतच नाही. आणि ती दहा वर्षं बरीचशी तुमच्या वयाच्या मुलामुलींची आहेत.

राज्य केवढं, मोकळीक केवढी

हैदराबाद हे काही छोटं-मोठं संस्थान नव्हतं. सुमारे ८२ हजार चौरस मैल क्षेत्र, १९४१ च्या जनगणनेनुसार एक कोटी ६० लाखांवर लोकसंख्या. १६ जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. स्वतःचं चलन ('हाली सिक्का'), स्वतःची रेल्वे, स्वतःची पोस्टाची तिकिटं, स्वतःचं सैन्य. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होता. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याचा फोटो मुखपृष्ठावर छापला होता.

प्रजेची श्रीमंती मात्र वेगळीच. जमिनीचा मोठा हिस्सा निजामाच्या खासगी मालकीचा ('सर्फ-ए-खास') किंवा जहागीरदारांच्या ताब्यात. वेठबिगार चालू. पुढे युद्धाच्या काळात सक्तीची धान्य लेव्ही आली. पीक येवो न येवो, खळ्यावरून धान्य उचललं जायचं. बहुसंख्य लोकांची भाषा मराठी, तेलुगू, कानडी. पण कोर्टकचेरी, सरकारी नोकरी आणि उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू.

आणि बोलायचं म्हटलं तर 'गश्ती निशान ५३'. गश्ती म्हणजे परिपत्रक. या परिपत्रकानुसार सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी. खासगी शाळा काढायची, परवानगी. आखाडा काढायचा, परवानगी. आपल्याकडे गॅदरिंगला हॉल मिळवायला चार सह्या लागल्या तरी आपण वैतागतो. इथे चार माणसं जमवून बोलायचं तरी पोलिसांच्या नजरेतून जावं लागे.

त्यामुळे सुरुवात राजकारणाने झालीच नाही. ती झाली वाचनालयांतून, शाळांमधून, भाषेच्या नावाने भरणाऱ्या परिषदांमधून. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. मागण्या अगदी साध्या: आमच्या भाषेत शिक्षण द्या, बोलायला-लिहायला मोकळीक द्या, जबाबदार राज्यपद्धती द्या. 'राजा नको' असं तेव्हा कुणी म्हणतही नव्हतं. राजा असू दे, पण त्याने लोकांना विचारून राज्य करावं, एवढंच म्हणणं.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. ती स्थापन व्हायच्या आधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली! जन्माला येण्याआधीच बेकायदा ठरलेली संघटना. तिच्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू केला, तुकड्यामागून तुकड्या तुरुंगात गेल्या. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रहही त्याच सुमारास चालू होते. मुळशीतून 'सेनापती' होऊन बाहेर पडलेले बापटही पुढे हैदराबादच्या लढ्यात सामील झाले.

गाण्यावरून कॉलेज सुटलं

तेवढ्यात एक भडका उडाला, तो थेट हॉस्टेलमध्ये.

नोव्हेंबर १९३८. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजमधली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुलं हॉस्टेलच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणत होती. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकलं नाही, संप पुकारला. परिणाम? शेकडो मुलांची नावं कॉलेजातून कमी झाली.

आज हे वाचताना 'वा, भारी' म्हणून आपण पुढे जातो. पण जरा थांबून विचार करा. तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा, घरातला पहिला कॉलेजला गेलेला. बापाने जमीन गहाण टाकून पाठवलेला. अख्ख्या संस्थानात विद्यापीठ एकच. तिथून नाव कटलं म्हणजे सगळं संपलं. तरीही त्यांनी माफीनामा लिहून दिला नाही. मग नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं आणि यातली अनेक मुलं तिकडे जाऊन शिकली. या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांमध्ये एक नाव होतं पी. व्ही. नरसिंह राव. पुढे १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले, तेच.

या मुलांना एक गोष्ट कळून चुकली. ज्या राज्यात गाणं म्हणायला परवानगी लागते, तिथे नुसत्या अर्जविनंत्यांनी काही होणार नाही. दहा वर्षांनी सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले, तेव्हा १९३८ ची ही पिढी त्यांची कणा होती.

संन्यासी झालेला मास्तर

ज्यांच्याभोवती ही सगळी पोरं जमली, ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे व्यंकटेश खेडगीकर. व्यवसायाने शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुलं घडवली. १९३२ मध्ये संन्यास घेतला, पण हिमालयात गेले नाहीत, मराठवाड्यातच राहिले. त्यांच्याबरोबरचे बाबासाहेब परांजपे शिक्षक, गोविंदभाई श्रॉफ हेही काही काळ शिक्षक. मराठवाड्याच्या लढ्याचे पुढारी एका ओळीत सांगायचे तर शाळामास्तर. त्यांचे कार्यकर्ते म्हणजे त्यांचेच विद्यार्थी. गावोगावच्या शाळेतून तयार झालेलं हे जाळं कुठल्याही पक्षाच्या ऑफिसपेक्षा पक्कं निघालं.

१९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. पण पुढच्याच वर्षी इंग्रज जायला निघाले आणि जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केलं, की आपण ना भारतात ना पाकिस्तानात. हैदराबाद स्वतंत्र राहणार. इथून लढ्याचा सूर बदलला. दहा वर्षांपूर्वीची 'राजा राहू दे, जबाबदार सरकार द्या' ही मागणी मागे पडली. ७ ऑगस्टला संस्थानभर 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. आठवड्याने स्वामीजींनी तिरंगा फडकवला आणि ते तुरुंगात गेले.

नाका, शिंदी आणि बँक

पुढारी आत. मग बाहेर काय झालं? पोरांनी सूत्रं हातात घेतली.

संस्थानाच्या सीमेला लागून भारताच्या हद्दीत कॅम्प उभे राहिले. सोलापूर, अहमदनगर, विदर्भातलं उमरखेड अशा सगळ्या बाजूंनी. शाळा-कॉलेज सोडून आलेली मुलं तिथे राहायची, बंदूक चालवायला शिकायची, रात्री सीमा ओलांडून आत जायची.

त्यांची लक्ष्यं बघितली, तर त्यामागचं डोकं कळतं. पहिलं लक्ष्य करोडगिरीचे नाके, म्हणजे संस्थानाचे जकात नाके. दुसरं, शिंदीची झाडं. शिंदीवरच्या अबकारी करातून सरकारला भरपूर पैसा मिळायचा. झाडंच तोडली तर कर कुठून येणार? तिसरं, गावचं दप्तर. सारा आणि लेव्हीचे कागद जाळले, की वसुली थांबली. महालावर चाल करून जायची ताकद त्यांच्यात नव्हती. पण राजाचा हात गावात जिथे जिथे पोचतो, तो तिथे तोडता येत होता. सीमेवरच्या काही गावांनी तर निजामाचा अंमल झुगारून आपला कारभार आपणच पाहायला सुरुवात केली.

३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. सुमारे २० लाख रुपये हाती लागले. त्या काळातले २० लाख! एवढा पैसा पाहून मन चळायला वेळ लागत नाही. पण पैसा लढ्यासाठी वापरला गेला, त्याचा हिशेब ठेवला गेला आणि संस्थान मुक्त झाल्यावर तो सादरही केला गेला. मराठवाड्यात ही लूट जितकी सांगितली जाते, तितकाच तो हिशेब सांगितला जातो. (योगायोग असा, की त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.)

यात बायका कुठे होत्या? सगळीकडे. निरोप पोचवणं, हत्यारं लपवणं, भूमिगतांना जेवू घालणं ही कामं त्यांनी केली आणि पकडलं गेल्यावर मारही खाल्ला. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेशात, घोड्यावर बसून, हत्यार घेऊन फिरायच्या. आशाताई वाघमारे, गीताबाई चारठाणकर ही नावंही मराठवाड्यात आदराने घेतली जातात. शेजारच्या तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९४६ पासूनच हत्यार उचललं होतं. तिथला लढा थेट जमिनीसाठी होता.

वर्दीतली दहशत

दुसऱ्या बाजूला होते रझाकार. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी हा त्यांचा म्होरक्या. खाकी वर्दी, हातात हत्यार, सरकारचा आशीर्वाद. जाळपोळ, लुटालूट, खून, बायकांवर अत्याचार. हजारो कुटुंबं घरदार सोडून सीमेपलीकडे आली. नांदेड जिल्ह्यातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून तर १९४६ मध्येच झाला होता. मराठवाडा त्यांना या लढ्यातला पहिला हुतात्मा मानतो.

इथे एक नाव मुद्दाम सांगायला हवं: शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. रझाकारांच्या विरोधात आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने तो उघडपणे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री ऑफिसमधून घरी जाताना त्याला गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. हा लढा म्हणजे 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असा ज्यांचा समज आहे, त्यांनी शोएबुल्लाला कोणत्या रकान्यात बसवायचं ते ठरवावं. आणि गावोगावी जमिनी बळकावून बसलेल्या, निजामाच्या सावलीत सुखी असलेल्या हिंदू देशमुखांनाही.

ते पाच दिवस

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा चारही बाजूंनी संस्थानात घुसल्या. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो', दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य फौजेचं नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरींकडे होतं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ तारखेला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींसमोर रीतसर शस्त्रं खाली ठेवली. तुरुंगाची दारं उघडली, स्वामीजी बाहेर आले.

एवढं मोठं सैन्य बाळगणारं राज्य पाच दिवसांत कोसळलं, कारण ते आतून आधीच पोखरलं गेलं होतं. वसुली थांबलेली, नाके उठलेले, गावं हाताबाहेर गेलेली. फौजेने मारलेला धक्का शेवटचा होता.

जे सांगायचं टाळलं जातं

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण विजयानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आजूबाजूला निरपराध मुस्लिमांवर सूड उगवला गेला. रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली माणसं मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, असं त्याने नोंदवलं. मृतांचा त्याचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

हे वाचून लढ्याचं मोल कमी होत नाही. शोएबुल्लाने जीव दिला तो सगळ्यांना सारखं वागवणाऱ्या राज्यासाठी. ज्यांच्या घरी १७ सप्टेंबरची आठवण वेगळी आहे, त्यांचं ऐकून घेणं हाही त्याच राज्याचा भाग आहे.

राजा गेला कधी?

आता एक प्रश्न, क्विझमध्ये हमखास चुकणारा. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा हैदराबाद राज्याचा प्रमुख कोण होता?

उत्तर: मीर उस्मान अली खान. तोच निजाम!

शरणागतीनंतर त्याला हटवलं गेलं नाही. कारभार लष्करी प्रशासनाकडे गेला, पण फर्मानं त्याच्याच नावाने निघत राहिली. गंमत म्हणजे राजेशाही संपवणारी फर्मानंही त्याच्याच सहीची. १९४९ मध्ये सर्फ-ए-खासच्या जमिनी सरकारात जमा झाल्या, त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असं त्याने मान्य केलं. १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं. १९५२ मध्ये सार्वत्रिक निवडणुकीतून निवडून आलेलं पहिलं सरकार आलं, मुख्यमंत्री झाले बुर्गुला रामकृष्ण राव. निजाम नावापुरता 'राजप्रमुख' उरला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच तीन भाषांत वाटलं गेलं, राजप्रमुखपद गेलं आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. तनखा मात्र देशातल्या सगळ्याच संस्थानिकांचा १९७१ च्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू राहिला.

मग राजा नेमका गेला कधी? १९४८, १९५०, १९५२ की १९५६? खरं सांगायचं तर तो हप्त्याहप्त्याने गेला. आपल्या शेजारी नेपाळमध्येही असंच झालं. २००६ च्या एप्रिलमध्ये १९ दिवस लोक रस्त्यावर होते, पण प्रजासत्ताकाची घोषणा झाली २८ मे २००८ ला, निवडून आलेल्या संविधान सभेत. रस्त्यावरची गर्दी राजाला झुकवते. त्याच्या जागी काय बसवायचं, ते मात्र शांतपणे, कागदावर, मतपेटीतून ठरवावं लागतं. दोन्हींतलं एक जरी राहिलं, तरी काम अर्धवट.

लातूरच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे हप्ते फार मोठे होते. १९४७ मध्ये त्याच्या खळ्यावरून धान्य उचलून नेलं जात होतं आणि सभेला परवानगी नव्हती. पाच वर्षांत जहागीरदार गेला, कुळाला कायदा मिळाला आणि तो मतदानाच्या रांगेत उभा राहिला. रांगेत त्याच्या पुढे जुना जहागीरदार असला, तरी दोघांचं मत एकच, वजन एकच.

आपल्या भाषेतला शब्दही बघा. 'प्रजासत्ताक' यातून राजा निघून गेला, पण 'प्रजा' राहिलीच. कदाचित बरंच झालं. हा शब्द उच्चारताना आपण कुठून आलो, ते विसरता येत नाही.

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची. तिथली मुलं त्याला सरळ 'स्वारातीम' म्हणतात. आपण 'एसबी रोड' म्हणतो, तसंच. नावं छोटी झाली की माणसं मागे पडतात, हे सगळीकडे सारखंच.

तर यंदा १७ सप्टेंबरला एक करा. रूमवरच्या, कॅन्टीनमधल्या मराठवाड्याच्या मित्राला विचारा, 'तुमच्या घरी त्या वेळचं काय सांगतात?' कुणाचे पणजोबा कॅम्पवर होते असं निघेल, कुणाच्या पणजीने भाकरी पोचवलेल्या असतील, कुणाच्या घराने त्या सप्टेंबरात माणसं गमावलेली असतील. तिघांचंही ऐका. बदल्यात त्याला मुळशीच्या धरणाकडे घेऊन जा आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची, त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या सेनापतीची गोष्ट सांगा. दोन्ही गोष्टींत एकच प्रश्न आहे: आमच्या गावाचं काय करायचं ते आम्हाला न विचारता कोण ठरवणार? त्यावर भांडलेल्या माणसांमुळेच आज आपल्याला हा प्रश्न मोठ्याने विचारता येतो. तोही कुठल्याही गश्ती निशानाची परवानगी न घेता.